नऊ किलोची बॅटरी

आळेफाट्यावर माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. ती सांगणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्या दिवशी तिथे नव्हते. जे होते, ते चहा पीत उभे होते आणि त्यांना फक्त आरडाओरडा ऐकू आला. त्यामुळे एकदा माझ्या बाजूनं सगळं लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. माझी बाजू बरोबरच आहे असं मी म्हणत नाही. पण ती कोणी विचारलीच नाही.

आम्ही दोघे भाऊ. नाशिक रस्त्याला लागून आमचं बॅटरीचं दुकान होतं. सुरुवातीला दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक लाकडी बाकडं. नव्वद सालानंतर फाट्यावर ट्रक वाढले, गॅरेजं वाढली, हॉटेलं तर रांगेनं उभी राहिली. दादा, माझा थोरला भाऊ, भोसरीच्या एका कारखान्यात बॅटरीचं काम शिकून आला होता. मी काहीच शिकलो नव्हतो. मला बोलता येत होतं आणि भांडता येत होतं. म्हणून त्यानं मागचं काम घेतलं आणि मी पुढचं.

मागचं काम म्हणजे शिशाचं. जुनी बॅटरी फोडायची, आतल्या प्लेटा काढायच्या, चांगल्या निवडायच्या, नव्या घालायच्या आणि कढईत शिसं वितळवून पळीनं ओतून सगळ्या प्लेटा एकमेकींना जोडायच्या. दुकानामागे पत्र्याच्या आडोशाला स्टोव्हवर ती कढई दिवसभर असायची. दादा उकिडवा बसून काम करायचा, नाकाला रुमाल बांधून. नव्या बॅटरीच्या निम्म्या किमतीत बॅटरी पुन्हा उभी करून देणारा त्याच्यासारखा माणूस जुन्नर तालुक्यात दुसरा नव्हता. नगरहून, संगमनेरहून गाड्या थांबायच्या. ड्रायव्हर मला विचारायचे, "मागं हायेत का ते?" ते असतील तरच बॅटरी खाली उतरायची.

पुढचं काम म्हणजे वजनकाटा. बॅटरीच्या धंद्यात मी जे काही शिकलो ते त्या काट्यानं शिकवलं. बॅटरीवर काय छापलंय याला काही अर्थ नसतो, स्टिकर कोणीही छापतं. आत शिसं किती आहे तेवढंच खरं, आणि शिसं लपवता येत नाही. चांगल्या बॅटरीच्या प्लेटा जाड असतात, म्हणून ती जड असते. दिल्लीकडून येणारा नकली माल दिसायला अगदी तसाच, पण उचलला की हाताला कळतं. मी नुसतं उचलून वजन सांगायचो, आणि काट्यावर ठेवल्यावर फरक पडला तर शंभर-दोनशे ग्रॅमचा.

भंगाराची बॅटरी घ्यायची तरी काटाच. लोक आत पाणी भरून आणायचे. एकदा एक ड्रायव्हर बॅटरी काट्यावर ठेवून म्हणाला, "लिव्हा, अट्ठावीस."

"पालथी कर," मी म्हणालो.

"काय राव, इस्वास न्हाई व्हय?"

"तुझ्यावर हाये. तिच्यावर न्हाई. पालथी कर."

त्यानं कुरकुरत पालथी केली. दोन तांबे पाणी निघालं. बाजूच्या हॉटेलातली माणसं हसली. तोही हसला आणि म्हणाला, "आयला, रात्री पाऊस झाला असंल." पाऊस पडून चार महिने झाले होते. अशी आमची गंमत चालायची. मी शिव्या द्यायचो, समोरचा द्यायचा, मग चहा यायचा. माल विकायला आलेल्या माणसाला पहिल्यांदा हाकलूनच द्यायचं, हा माझा नियम होता. तो रस्ता ओलांडून हॉटेलात बसतो, आमच्याकडे बघत चहा पितो, आणि तासाभरात खालच्या भावाला परत येतो. पंधरा वर्षांत एकही असा नव्हता जो परत आला नाही.

दादाच्या पोटात दुखायला लागलं ते साधारण दहा वर्षांनी. आधी वाटलं गॅस. मग वाटलं बेंबी सरकली. येडगावला एका मेंढपाळाच्या घरातली म्हातारी पोट चोळायची, तिच्याकडे त्याला चार-पाच वेळा नेलं. तिनं तेल लावून चोळलं की दोन दिवस बरं वाटायचं. शिशाच्या कामावर गूळ खावा, म्हणजे शिसं अंगात राहत नाही, असं भोसरीच्या कारखान्यातले लोक सांगायचे. म्हणून रोज संध्याकाळी दादाला मी माझ्या हातानं गुळाचा खडा द्यायचो. तो हात न धुताच खायचा. गुळाबरोबर हातावरचं शिसंही पोटात जात होतं, आणि तेव्हा आम्हाला वाटायचं आपण काळजी घेतोय.

त्याच्या हिरड्यांवर निळसर रेघ उठली होती. आम्ही ती मिश्रीची समजलो. तो मिश्री लावायचाच.

मग एके दिवशी तो पळी उचलायला गेला आणि उजवं मनगट उचललंच नाही. हात कोपरापर्यंत ठीक, पुढे पंजा लोंबणारा. नारायणगावच्या डॉक्टरांनी तो पंजा आपल्या हातात धरला, सोडला, पुन्हा धरला. हिरड्या पाहिल्या. रक्त पुण्याला पाठवलं. चार दिवसांनी बोलावून म्हणाले, "याच्या अंगात शिसं भरलंय. हाडांत गेलंय. गोळ्या देतो, पण गोळ्यांपेक्षा एकच गोष्ट महत्त्वाची. याला त्या कामापासून लांब ठेवा. लांब राहिला तर शरीर हळूहळू बाहेर टाकतं. हातही परत येऊ शकतो. तिथेच बसून राहिला तर पुढचा नंबर मूत्रपिंडाचा."

त्या संध्याकाळी वहिनी दुकानात आली. ती कधी दुकानात येत नसे. गिऱ्हाईक उभं असताना ती काट्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, ह्यांना त्या कढईपासून उठवा. मला दुसरं काय बी नको."

"उठवतो," मी म्हणालो.

"कधी?"

"दुसरं काम लावून देतो आन् उठवतो. वहिनी, तुमी घरी जा."

मी शब्द दिला होता, आणि तो खोटा नव्हता. दोन माणसं ठेवून पाहिली. पहिला आठ दिवसांत पळाला. दुसऱ्यानं जोडलेल्या बॅटऱ्या महिन्याभरात परत यायला लागल्या, आणि ड्रायव्हर मला म्हणायचे, "थोरले कुठं गेले?" दादा घरी चार दिवस बसायचा आणि पाचव्या दिवशी येऊन आडोशाला उकिडवा बसायचा. मी ओरडायचो. तो म्हणायचा, "घरी बसून काय करू? म्हशीकडं बघू?" दुसरं काही काम त्याला येत नव्हतं आणि नुसतं बसणं त्याला जमत नव्हतं. नव्या तयार बॅटऱ्या विकाव्यात म्हटलं, तर त्या विकायला मी एकटा पुरे होतो. दादाचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहिला.

याच सुमारास विजेवरच्या स्कूटर दिसायला लागल्या. लायसन लागत नाही, पेट्रोल लागत नाही, म्हणून शाळेतल्या बाया, क्लासला जाणाऱ्या मुली त्या घ्यायच्या. जुन्नरकडून फाट्याकडे येताना चढ आला की त्या मरायच्या. सीटखाली चार छोट्या बॅटऱ्या असत, त्याही शिशाच्याच. वर्षभरात बसायच्या आणि आमच्याकडे यायच्या. म्हणजे धंदा बदलला तरी कढई तीच.

आणि मग पुण्याहून तो इंजिनिअर आला.

सकाळचे अकरा वाजले असतील. लाईट गेलेली होती, त्या दिवसांत फाट्यावर दिवसा लाईट जायचीच. एका छोट्या टेम्पोत स्कूटर घालून तो आला. तिशीतला, चष्मा, पायात सँडल. त्यानं नमस्कार केला आणि सीटखालून काढलेला एक निळा डबा बाकड्यावर ठेवला. म्हणाला, "शेठ, ही लिथियमची बॅटरी आहे. मोबाईलमध्ये असते ना, त्याच घरातली. यात पाणी नाही, ॲसिड नाही, शिसं नाही. स्कूटरच्या त्या चार बॅटऱ्यांच्या जागी ही एकच बसते. मला या रस्त्यावर एक दुकान हवंय जे ही बसवेल आणि सांभाळेल."

दादा मागून आला होता. रुमाल खाली ओढून तो ऐकत होता.

"शिसं न्हाई?" त्यानं विचारलं.

"अजिबात नाही."

"मंग जोडायचं कसं?"

"जोडायचं नाही काका. आमच्याकडे तयार होते. इथे फक्त तपासायची. आत सोळा भाग आहेत, प्रत्येकाला मीटर लावून आकडा बघायचा, एखादा मागे पडला असेल तर त्याला सावकाश वर आणायचं. बसून करायचं काम आहे. घाई चालत नाही, हात शांत लागतो." त्यानं दादाच्या लोंबणाऱ्या पंजाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "चार दिवस पुण्याला या. मी शिकवतो."

दादानं डबा उचलला. दोन्ही हातांच्या कोपरांत धरून त्यानं तो उचलला आणि छातीशी घेतला. गेल्या वर्षभरात त्यानं एकही बॅटरी एकट्यानं उचलली नव्हती. तो माझ्याकडे बघून हसला. मला ते हसू आजही दिसतं. मला त्या क्षणी मात्र दुसरंच काही दिसलं. तो डबा त्याला उचलता आला, म्हणजे त्यात काही नाही.

"इकडं दे," मी म्हणालो आणि काट्यावर ठेवला. नऊ किलो.

"त्या चार बॅटऱ्या किती भरतात म्हायतीये का साहेब?"

"अठ्ठावीसच्या आसपास."

"मंग बाकीचे एकोणीस किलो कुठं गेले?"

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. खिशातून एक फोटो काढून त्यानं आम्हाला दाखवला. परदेशातलं एक लहानसं विमान होतं, दोन माणसांचं, लांब पंखांचं. म्हणाला, "हलकी आहे हीच तर तिची किंमत आहे शेठ. अशाच बॅटऱ्यांवर हे उडतं. शिशाच्या घातल्या तर जमीन सोडणार नाही."

बाजूला दोन ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन उभे होते. एक म्हणाला, "साहेब, इथं आमचा ट्रक चालू व्हईना, तुमी इमान उडवताय!"

दुसरा म्हणाला, "आधी येष्टी उडवा राव. नारायणगावचा ट्रॅफिक तरी चुकंल."

सगळे हसले. मीही हसलो. पण हसता हसता माझं ठरलं होतं. इतक्या वर्षांत मला हलका माल घेऊन आलेला प्रत्येक माणूस काहीतरी गोष्ट सांगायचा. कोणी जपानी प्लेटा म्हणायचा, कोणी नवं ॲसिड म्हणायचा. हा विमान म्हणत होता.

"उघडून दाखवा," मी म्हणालो.

"ते नाही उघडायचं. उघडली आणि आत काही टेकलं तर आग लागते."

"आमच्यात न उघडता कोणी काय घेत न्हाई."

"शेठ, मी कागद देतो, त्यात सगळं..."

"कागद नको."

मग मी ते केलं जे मी प्रत्येक बॅटरीला करायचो. बाकड्याखाली जाड तांब्याच्या वायरीचा वीतभर तुकडा कायम असायचा. तो दोन्ही टोकांना क्षणभर टेकवायचा. बॅटरीत जीव असेल तर ठिणगी कशी उडते, किती जाड, कुठल्या रंगाची, यावरून ती किती दिवस चालेल ते मी सांगायचो. लोक पैजा लावायचे. इंजिनिअर "अहो, अहो!" म्हणत पुढे येईपर्यंत मी वायर टेकवली होती.

चट् करून बारीकसा आवाज झाला. मोबाईलच्या काचेवर नख मारल्यासारखा. बस्स. दुसऱ्यांदा टेकवली, तर तेवढंही नाही. मी मीटर लावला. काटा हलला नाही.

"मेलेली हाये," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "मेलेली बॅटरी घिऊन आलाय पुण्यावरनं."

तो घाबरा झाला होता, पण बॅटरीसाठी, माझ्यासाठी नाही. त्यानं डब्याला हात लावून तो गरम झालाय का ते पाहिलं. मग म्हणाला, "ती मेली नाही. तिनं स्वतःला बंद केलंय. आत एक सर्किट असतं, असं काही झालं की ते तोडतं. चार्जर लावला की दोन मिनिटांत जागी होते. चार्जर टेम्पोत आहे. लाईट नाही, पण तुमचा इन्व्हर्टर आहे ना, त्यावर लावू द्या."

"माझा इन्व्हर्टर तुझ्या भंगारावर घालवू?"

"दोनच मिनिटं."

दादा म्हणाला, "लावू दे की."

"तू गप बस."

"अरे, थांब जरा. त्याचं ऐकून तर घे."

इंजिनिअर टेम्पोतून चार्जर घेऊन आला. दादानं त्याच्याकडून पिन घेतली आणि इन्व्हर्टरकडे वळला. पंजा लोंबत असल्यामुळे त्यानं ती दोन बोटांच्या बेचक्यात अडकवली होती. मी त्याच्या हातातून ती काढून घेतली. त्या हातातून काहीही काढून घ्यायला जोर लागत नव्हता.

"तुला काय कळतंय यातलं?" मी त्याला म्हणालो. माझ्या थोरल्या भावाला, ज्याच्या हातावर ते दुकान उभं राहिलं होतं, ड्रायव्हरांसमोर, परक्या माणसासमोर. "मागं जा. कढई बघ."

आणि इंजिनिअरला म्हणालो, "भंगाराच्या भावानं नऊ किलोचे देतो. घेतो का? न्हाई तर उचल."

इथे मला थोडं सांगू द्या. मी त्याला कायमचं हाकलत नव्हतो. बॅटरी खरी असेल अशी पाच टक्के शंका मला होतीच. तो इतरांसारखा समोर हॉटेलात बसेल, चहा घेईल, डोकं शांत झालं की परत येईल, मग मी त्याला इन्व्हर्टर देईन आणि निम्म्या भावात एजन्सी घेईन, असं माझ्या मनात होतं. दादाला ते काम द्यायचंच होतं. मी फक्त सौदा करत होतो. सौदा असाच करतात. तो परत आला असता तर आज फाट्यावर माझ्या हुशारीची गोष्ट सांगितली गेली असती.

तो परत आला नाही. त्यानं डबा सीटखाली ठेवला, टेम्पोचं फाळकं लावलं, दादाला नमस्कार केला, मला केला नाही, आणि टेम्पो पुण्याच्या दिशेनं गेला. मी तीन वाजेपर्यंत समोरच्या हॉटेलाकडे बघत होतो. मग लाईट आली आणि मागून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

सहा-सात महिन्यांनी मंचरला एका लग्नाला गेलो होतो. बाजारपेठेत एका दुकानासमोर तसल्याच चार स्कूटर उभ्या दिसल्या. तो दुकानदार आधी घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचा, हे मला माहीत होतं. त्याला मी माहीत नव्हतो. मी गिऱ्हाईक म्हणून आत गेलो आणि निळ्या डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "टिकती का ही?"

"लई भारी हाये पावणं. फक्त एक करायचं न्हाई. वायर मारायची न्हाई. मारली की झोपती." मग तो खुदकन हसला. "तिकडं आळेफाट्याला एक येडा हाये बॅटरीवाला. त्यानं आमच्या साहेबांसमोर वायर मारली आन् म्हणला, मेली! काट्यावर बी ठिवली व्हती म्हणं. भाजी हाये का ती?"

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? आपलं नशीब. साहेब तिथनं निघालं ते सरळ हितं आलं."

त्याचा मेव्हणा आत पंख्याखाली खुर्चीवर बसला होता. समोर उघडलेला डबा, हातात मीटर. एकेका भागाला टोक लावून वहीत आकडा लिहीत होता. घाई नव्हती. अंगात पांढरा शर्ट होता आणि त्या शर्टावर एकही डाग नव्हता. मी बराच वेळ त्या शर्टाकडे बघत उभा राहिलो. दुकानदारानं दोनदा विचारलं, कुठली गाडी हाये तुमची. मी बाहेर आलो. लग्नात जेवलो नाही.

दुकानाच्या पाटीवर इंजिनिअरचा फोन नंबर होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. मी माफी मागितली असं लोकांना वाटत असेल तर ते खरं नाही. मी म्हणालो, साहेब, झालं ते झालं, आमच्याकडे तुमच्या कामासाठी माणूस आहे, आमच्या फाट्यावर मंचरपेक्षा जास्त गाड्या आहेत. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, काका काम छान करतील, मला माहितीय. पण दुकान तुमचं आहे. ही बॅटरी रागीट माणसाच्या हातात देता येत नाही मला. काही झालं तर जाळ होईल."

याचा मला आजही राग आहे. विकायला येणाऱ्या माणसानं आधी सांगायला नको का, की वायर मारू नका, ती बंद पडते? त्याला धंदा नवा होता, मला तो माल नवा होता. त्यानं एकदाच माझा स्वभाव पाहिला आणि कायमचा निकाल दिला. बरं, दादाला त्यानं एकट्याला पुण्याला बोलावलं असतं तर मी काय पाय धरून थांबवलं असतं? पण नाही. दुकान तुमचं आहे म्हणाला.

दादाला मी मंचरचं काही सांगितलं नाही. त्याला कुठून कळलं ते माहीत नाही, पण कळलं होतं. त्यानं विचारलं नाही. त्या दिवाळीआधी मोठी गर्दी होती. ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या होत्या, प्रत्येकाला बॅटरी उभी करून हवी होती. एके दिवशी दुपारी काहीतरी मागायला मी मागे गेलो तर दादानं पळी मनगटाला फडक्यानं घट्ट बांधली होती. पंजा लोंबतोय, पळी मात्र सरळ. खांद्यातून हात हलवून तो शिसं ओतत होता आणि एक थेंबही बाहेर सांडत नव्हता. मी ते पाहिलं. पाहून पुढे गेलो आणि ड्रायव्हरला सांगितलं, संध्याकाळपर्यंत होईल.

ही गोष्ट फाट्यावर कोणाला माहीत नाही. ती मीच सांगतोय.

त्याला दवाखान्यात पुण्याला नेलं तोपर्यंत मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा मशीनवर घालायला लागले. कढईखालचा स्टोव्ह मी त्या दिवशी विझवला, पण आता विझवून कोणाला काय? वहिनी दवाखान्यातल्या जिन्यावर बसायची, डबा मांडीवर घेऊन. एकदा मी तिच्याजवळ बसलो आणि बातमी सांगितली, कारण मला ती सांगावीशी वाटत होती. त्या इंजिनिअरची कंपनी बंद पडली होती. मंचरवाल्यानं ते डबे ठेवणं सोडलं होतं आणि आता मोबाईलचे कव्हर विकत होता. दोन वर्षंसुद्धा चाललं नाही त्यांचं.

"म्हंजी आपलं काय गेलं न्हाई, वहिनी," मी म्हणालो. "एजन्सी घेतली असती तरी बुडालीच असती."

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. डब्याचं झाकण घट्ट लागलंय का ते बघत म्हणाली, "दोन वर्सं तरी कढई सुटली असती, भावजी."

ती उठली आणि डबा घेऊन वर गेली.

दादा पुढच्या उन्हाळ्यात गेला. शेवटचे दोन महिने तो घरीच होता. दुसरा हातही तोपर्यंत पडला होता. वहिनी त्याला भरवायची आणि दाढी मी करायचो, दर रविवारी सकाळी, अंगणात खाटेवर बसवून. तो हनुवटी वर करायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. दुकानात काय चाललंय, कोण आलं होतं, हे विचारायचा. अमका ड्रायव्हर अजून येतो का, त्याच्या गाडीचा डायनॅमो ठीक नाही, त्याला सांग, असं म्हणायचा. एकदाही त्यानं त्या दिवसाचा विषय काढला नाही. शेवटी मलाच राहवलं नाही. एका रविवारी अर्ध्या गालाला साबण लावून झाल्यावर मी त्याला विचारलं.

"दादा, त्या दिशी तू माझ्यावर वरडला का न्हाईस? एक कानाखाली द्यायची व्हतीस. म्या ऐकलं असतं."

त्यानं डोळे उघडले. रागानं नाही, नुसतं आठवल्यासारखं.

"म्या बोललो व्हतो," तो म्हणाला. "थांब म्हणलो व्हतो."

मग तो पुन्हा डोळे मिटून बसला आणि दुसरा गाल माझ्याकडे केला. साबण वाळत आला होता. मी पाणी लावून तो परत ओला केला.